मारों

आमच्या बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावात मराठी घरांत गोवर्धनचं नाव आदरानं घेतलं जायचं. बाप उसाच्या मळ्यात वाकून वाकूनच गेला. थोरला मुलगा मात्र सरकारी शाळेत मास्तर झाला, टाय बांधून शाळेत जाऊ लागला. रविवारी बैठकेत, म्हणजे गावाच्या पत्र्याच्या सभाघरात, तोच पोरांकडून मराठी बाराखडी घोकून घ्यायचा. कुणाच्या घरी भांडण झालं, जमिनीच्या बांधावरून तंटा झाला, की लोक म्हणायचे, "मास्तरला विचारा. तो खोटं बोलायचा नाय."

धाकटा जयदेव वेगळ्याच मातीचा. शाळेत त्याचं डोकं कधी चाललं नाही, पण हात असे की मेलेलं इंजिन त्याच्याशी बोलायला लागायचं. एका मळ्याच्या मुकादमाची मोडकी मॉरिस गाडी त्यानं अंगणात आणून उभी केली, पावसाळाभर तिच्याखाली झोपून काढला आणि एक दिवस ती चालू केली. मग तो गावातल्या माणसांची ने-आण करू लागला. टॅक्सीचा परवाना नव्हता. अशा गाडीला आमच्या बेटावर 'टॅक्सी मारों' म्हणतात. मारों म्हणजे ज्याला धनी नाही, ज्याच्यावर सरकारचा शिक्का नाही, ते. रानातलं डुक्करही मारोंच.

गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. बस कधी येईल त्याचा भरवसा नसायचा. कुणाची बायको अडली, कुणाच्या घरी मयत झाली, की जयदेवला हाक जायची. कुरकुर करायचा तो एकटा तुलसीराम. गावातली परवान्याची टॅक्सी त्याची होती. काळी, धुऊन पुसून लख्ख. "मी सरकारचे सगळे कायदे पाळतो नि गिऱ्हाईक हा पळवतो," असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा. चोरून बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि पुढे तेच त्याला नडलं.

ही पंचावन्न सालची गोष्ट. गोवर्धनच्या शाळेत हेडमास्तरची जागा रिकामी व्हायची होती आणि त्याचं नाव पुढे होतं. वर्ग तपासायला आलेले साहेब जाताना टोपी डोक्यावर ठेवत सहज म्हणाले, "तुमच्या गावात टॅक्सी मारों चालवतो, तो तुमचाच भाऊ ना?" आणि हसले. बाकीचे मास्तरही हसले. गोवर्धनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला.

"परवाना काढ, नाहीतर गाडी बंद कर."

"दादा, गेलतो ना मी हापिसात. ते म्हणतात, गावात एक टॅक्सी हाय, दुसरी कशाला? मग कि पू फेर? काय करू मी?"

"मग ऊस तोड. पण माझ्या तोंडाला काळं फासू नकोस. लोक मला मारोंचा भाऊ म्हणायला लागलेत."

चुलीपाशी बसलेली देवकी, त्यांची आई, भाकरी थापायची थांबली. "तुझी बायको बाळंतपणाला गेली ती ह्याच गाडीतनं. तवा नव्हती होय ती मारों?"

गोवर्धनची बायको निर्मला खाली बघून हसली. गोवर्धन ताटावरून उठला.

जयदेवनं ते मनाला लावून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी भावाला खूश करायला म्हणून तो म्हणाला, "शनवारी कांप दे मास्कला वऱ्हाड न्यायचंय. मोठ्या रस्त्यानं जातच नाय मी. जुन्या मिलच्या मागनं, उसातनं काढतो गाडी. कुणाला दिसणार नाय नि तुझं नाव निघणार नाय. तुलाच सांगतोय हां."

त्याच आठवड्यात गोवर्धन भाजी घ्यायला रोज बेल नावाच्या गावच्या बाजारात गेला. तिथे पोलीस सार्जंट भेटला. त्याचा मुलगा गोवर्धनच्या वर्गात होता. मुलाच्या गणिताची चौकशी झाली, पावसाची झाली. मग सार्जंट म्हणाला, "वरून आमच्यावर दट्ट्या आहे, मास्तर. परवाना नसलेल्या गाड्या धरा म्हणतात. शनिवारी लग्नं फार. तुमच्या गावातून कुणी निघतंय का?"

'मला ठाऊक नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सार्जंटनं दुसऱ्यांदा विचारलंही नसतं. पण गोवर्धननं हातातली वांगी पिशवीत टाकली आणि सांगितलं. वार सांगितला, गाव सांगितलं, जुन्या मिलमागचा रस्ताही सांगितला. "जरा दम द्या त्याला," तो म्हणाला. "भीती बसली की पुरे." सार्जंटनं मान हलवली. परतताना बसमध्ये गोवर्धनला फार हलकं वाटलं. पुढच्या सगळ्या वर्षांत त्याला सर्वांत जास्त लाज वाटली ती त्या हलकेपणाची.

पोलिसांनी दम दिला नाही, गाडी धरली. नवऱ्याची आत्या नऊवारी सावरत उसाच्या कडेला उभी राहून शिव्या देत होती आणि वऱ्हाड पायी निघालं होतं, असं लोकांनी येऊन सांगितलं. गाडी जप्त झाली. कोर्टानं जयदेवचं गाडी चालवायचं लायसनसुद्धा काढून घेतलं. चालकाचं काम गेलं, आणि पोलिसांनी धरलेल्या माणसाला कुठलं गॅरेज इंजिनाला हात लावू देईना. महिनोन्‌महिने तो अंगणात, गाडी उभी असायची तिथल्या तेलाच्या डागाकडे बघत बसायचा. शेवटी त्यानं आगालेगाचा करार केला. आगालेगा म्हणजे उत्तरेला, दिवसेंदिवस बोटीनं गेल्यावर लागणारं नारळांचं बेट. तिथे खोबरं फोडायचं नि तेल गाळायचं काम. बोट वर्षातून एखाद-दोनदा जायची, आणि करार संपेपर्यंत परत आणत नसत.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर जयदेव भावाच्या पाया पडला. "आईला बघ, दादा. त्या तुलसीरामला मी आल्यावर बघतो."

गोवर्धननं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच. बोट दूर गेली तरी तो हात त्याला आपला वाटेना.

गावानं निकाल कधीच लावला होता. चहाडी तुलसीरामनं केली; दुसऱ्या कुणाला काय पडलंय? तुलसीराम बैठकेत गणपतीच्या पायावर हात ठेवून म्हणाला, "मी नाय केलं. करायचं असतं तर सांगून केलं असतं." कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून त्याच्या टॅक्सीत गावातलं माणूस बसेना. म्हातारी माणसं पावसात बसची वाट बघत भिजायची, पण त्याला हात करायची नाहीत. त्याच्या घरच्या सत्यनारायणाला शेजारीसुद्धा गेले नाहीत.

गोवर्धन हेडमास्तर झाला. लोकांनी हार घातले.

वरच्या वर्गाला तोच शिकवायचा. इंग्रजी वाचनमालेत चाच्यांवर एक धडा होता. एखाद्या गड्यानं कप्तानाशी दगा केला, की चाचे त्याला थोडं पाणी नि थोडी दारू देऊन निर्मनुष्य बेटावर उतरवायचे आणि शिडं उभारून निघून जायचे. त्या शिक्षेचा इंग्रजी शब्द गोवर्धननं फळ्यावर लिहिला आणि वाचून दाखवला. वर्ग एकदम हसला.

"सर, मारों!" एक पोरगं ओरडलं. "टॅक्सी मारों!"

"हो," गोवर्धन म्हणाला. "शब्द तोच. मूळ एकच."

मग त्यानं मुलांना सांगितलं, कारण मास्तर म्हणून सांगणं भागच होतं, की पूर्वी मळ्यांवरून पळून डोंगरात लपलेल्या गुलामांनाही मारों म्हणायचे, आणि फ्रेंचांचे शिपाई त्यांच्या मागावर जायचे. खबर देणाऱ्याला बक्षीस असायचं. हे शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेल्यावर तो थांबला. खडू त्यानं दोनदा खाली ठेवला नि दोनदा उचलला.

मागच्या बाकावर एकटी बसलेली मुलगी उभी राहिली. ती सरस्वती, तुलसीरामची पोर. तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. घरून तशी ताकीद होती आणि हेडमास्तरला ती माहीत होती.

"सर, त्या बेटावरच्या माणसाला परत आणायला कोन जातं?"

"कुणी नाही जात. धड्यात तसं नाही."

"पन जे सोडून गेले त्यांना आठवन येत नसंल काय?"

"बस खाली," गोवर्धन म्हणाला. आवाज नको इतका चढला. पोरगी बसली, आणि बाकीच्यांना वाटलं, बरोबर केलं सरांनी, चहाडखोराची पोर.

त्या दिवसानंतर तो शब्द त्याच्या मागेच लागला. वनस्पतींच्या धड्यासाठी मुलांना रानाच्या कडेला नेलं, तर वनखात्याचा माणूस पांढऱ्या फुलांचं एक झुडूप दाखवत म्हणाला, "हे काफे मारों. रानातली कॉफी. कुणी लावली नाही, कुणी राखली नाही, तरी आहे." क्युरपिपच्या दुकानात बूट घ्यायला गेला, तर दुकानदारानं विचारलं, काळे देऊ की मारों? तपकिरी रंगालाही तोच शब्द. गोवर्धनला तपकिरी आवडायचे. त्यानं काळे घेतले. निर्मलानं विचारलं, "तुमी त्या रंगावर कधीपासनं रागावलात?" आपल्या नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय हे तिला कळत होतं, पण ती समजायची, भावाची आठवण येते.

देवकी रोज संध्याकाळी दिवा लावताना धाकट्याचं नाव घ्यायची आणि पाठोपाठ तुलसीरामला शाप द्यायची. गोवर्धन हात जोडून शेजारी उभा असायचा. शाप कुणाच्या डोक्यावर बसतोय ते त्याला ठाऊक होतं.

साठ सालच्या फेब्रुवारीत कारोल नावाचं चक्रीवादळ आलं. तसं सिक्लोन कुणी पाहिलं नव्हतं. पत्रे कागदासारखे उडाले, ऊस आडवा झाला. गोवर्धनच्या घराचा अर्धा माळा खाली आला आणि तुळईखाली देवकीचा पाय सापडला. वारा पडल्यावर लोकांनी तिला बाहेर काढलं. पाय मांडीपाशी मोडला होता, ती शुद्धीत नव्हती. रस्ते झाडांनी बुजले होते. बस नाही, ॲम्ब्युलन्स नाही.

तुलसीरामचं घरही पडलं होतं. पण गाडी त्यानं दगडी भिंतीच्या आडोशाला दोरांनी बांधून ठेवली होती. तो स्वतःच आला. कुणाकडे न बघता म्हणाला, "म्हातारीला मागं निजवा. दोघं-तिघं कुऱ्हाडी घेऊन पुढं चला."

झाडं तोडत, वाट काढत सबंध दिवस गेला. गोवर्धन मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. देवकीला वाटेत जरा शुद्ध आली. "जयदेवा, तुझी गाडी काय रे ही?" तिनं विचारलं. पुढे बसलेल्या तुलसीरामची मान हलली नाही. "हो, आई," तोच म्हणाला, "तुझीच गाडी. नीज."

देवकी वाचली. पाय आखूड राहिला, पण वाचली.

गावानं पडकी घरं उभी करायला घेतली तेव्हा बैठकेत सभा भरली. बैठकेचा प्रमुख लक्ष्मण, पांढऱ्या मिशांचा, शांत माणूस. कामाची वाटणी झाली, आणि तुलसीरामचं घर कुणी बांधायचं ते कुणी बोलेना. तेव्हा गोवर्धन उभा राहिला.

"तुलसीरामनं काही केलेलं नाही," तो म्हणाला. "जयदेवची खबर पोलिसांना मी दिली. रोज बेलच्या बाजारात. मी."

गोवर्धन डोळे मिटून वाट बघत राहिला. कुणी थुंकेल, कुणी चप्पल फेकेल. काहीही झालं असतं तरी त्याला ते हवं होतं.

लक्ष्मण उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ऐकलंत?" तो लोकांना म्हणाला. "ह्याला म्हणतात मन. ज्यानं आपल्या भावाला देशोधडीला लावलं, त्याचा आळ हा आपल्या अंगावर घेतोय. का? तर त्यानं आईला वाचवली म्हणून. मास्तर एवढं करतो तर आपन काय दगड हाय?"

"नाही, ऐका माझं," गोवर्धन म्हणाला. "मी खरंच..."

"बसा मास्तर, बसा. कळलं आमाला." बायका पदरानं डोळे पुसत होत्या. कुणीतरी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. तुलसीरामच्या घराला चार गडी मिळाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या टॅक्सीला गिऱ्हाईकही.

खरं ओळखलं ते एकट्या तुलसीरामनं. सभा सुटल्यावर तो फाटकाशी थांबला होता.

"खरं हाय ना, मास्तर?"

"हो."

तुलसीरामनं फाटकाची कडी धरली. "माझी पोर तुमच्या वर्गात एकटी बसायची. तुमच्या डोळ्यांदेखत."

"हो."

"मला शिव्या घातल्या असत्यात तरी चाललं असतं. मी मोठा मानूस हाय." त्यानं फाटक उघडलं. "आता लोकांना तुमी देव पायजे. मला पाशिंजर पायजेत. मी कशाला बोलू?" आणि तो गेला.

गोवर्धनला लोक आता रस्त्यात वाकून नमस्कार करू लागले. प्रत्येक नमस्कार त्याला चपराकीसारखा लागायचा. एकदा त्यानं निर्मलाला पुन्हा सांगून पाहिलं. ती त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "किती जाळून घ्याल स्वतःला?"

पुढच्या वर्षी जयदेव परतला. गोवर्धन धक्क्यावर गेला होता. समोरून आलेला माणूस काळवंडलेला, हाडं निघालेला, मराठी बोलताना क्रेओलवर घसरणारा होता. घरी आल्यावर आईच्या कुशीत तोंड घालून तो पोरासारखा रडला. माणसं भेटायला आली, पोळ्या झाल्या, आणि लक्ष्मणनं सगळ्यांसमोर बैठकेची हकीकत रंगवून सांगितली. जयदेव ऐकतच राहिला. मग उठून त्यानं गोवर्धनचे पाय धरले.

"दादा, दुश्मनासाठी पन तू असं केलंस?"

गोवर्धननं एकच गोष्ट केली असती तर पुरे होतं: गप्प राहणं. आईचं सुख, भावाची माया, गावाचा मान, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. पण त्यानं भरलं ताट तसंच सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे परसात मिरच्या खुडायला गेले. जयदेव आगालेगाच्या गोष्टी सांगत होता. कासवं, वारा, आणि महिनोन्‌महिने क्षितिजावर काही न दिसणं.

"जयदेव," गोवर्धन म्हणाला, "मी बैठकेत बोललो ते खरं होतं."

जयदेव हसत वळला. भावाचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. त्यानं हातातल्या मिरच्या टोपलीत ठेवल्या.

"रस्ता पन तूच सांगितलास?"

"हो."

"मिलच्या मागचा?"

"हो."

जयदेव वाफ्याच्या कडेला बसला. "तिथं इचार करायला टायम लई. मी रोज इचार करायचो, तुलसीरामला तो रस्ता कळला कसा? मी तर तुलाच सांगितलतं. एकदा मनात तुझं नाव आलं." त्यानं मातीचं एक ढेकूळ बोटांनी फोडलं. "मी त्या दिवशी जेवलो नाय, दादा. देवासारख्या भावावर संशय घेतला म्हनून."

गोवर्धन त्याच्यासमोर मातीत गुडघ्यांवर बसला. जयदेवनं हात उगारला असता तर बरं झालं असतं. तो नुसता टोपलीकडे बघत होता.

"आईला सांगू नको," शेवटी तो म्हणाला. "ती हाय तवर हे घरात नको."

दुपारी तो तुलसीरामकडे गेला. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं मनात धरलेल्या रागाची त्यानं माफी मागितली असावी. तुलसीरामला दम्यानं गाडी चालवणं जड जात होतं. जयदेवनं पुन्हा परीक्षा देऊन लायसन मिळवलं आणि तुलसीरामची टॅक्सी तो चालवू लागला. शिक्क्याची, परवान्याची. राहायला तुलसीरामच्याच आवारात खोली घेतली. आईला म्हणाला, गाडीजवळ असलेलं बरं.

रोज सकाळी तो आईला भेटून जायचा. गणपतीला दोघे भाऊ शेजारी बसून आरती म्हणायचे, लोक कौतुकानं बघायचे. पण 'दादा' ही हाक गोवर्धनला पुन्हा ऐकू आली नाही. जयदेव त्याला गावासारखं 'मास्तर' म्हणायचा, 'अहो-जाहो' करायचा. देवकीला वाटायचं, धाकटा आता शहाणा झाला, थोरल्याचा मान ठेवतो.

चौसष्टच्या थंडीत देवकी गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले. गोवर्धन तुलसीरामच्या आवारात गेला. जयदेव बॉनेट उघडून पाणी भरत होता.

"आता आई नाही," गोवर्धन म्हणाला. "आता सांग लोकांना. तू सांगितलंस तर त्यांना पटेल."

जयदेवनं झाकण लावलं, हात फडक्याला पुसले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर गोवर्धननं तो प्रसादासारखा घेतला असता.

"तुमी सांगितलंत की एकदा, मास्तर. त्यांनी नाय ऐकलं. आता ते तुमचं तुमी सांभाळा. माज्याच्यानं नाय व्हायचं."

त्यानं गाडी सुरू केली. दोन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन फाटकाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी मास्तरला पाहून हात जोडले आणि एक सरकून म्हणाली, "तुमी बसा आदी."

"रोज बेलला चाललोय," जयदेव पुढून म्हणाला. "यायचं असंल तर बसा. जागा हाय."

गोवर्धननं दार उघडलं, म्हाताऱ्यांना आधी आत बसवलं आणि तो मागच्या सीटवर, म्हाताऱ्यांच्या शेजारी, अंग चोरून बसला.